चुना आणि गेरू

परवा दुपारी खानापूरला आक्काकडे जेवण उरकून पडवीत जरा आडवा झालो होतो. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. अंगणात भाचा एकटाच तुळशीवृंदावनापुढे उकिडवा बसलेला. पोरगा अग्निवीर. वर्षाकाठी 30 दिवस रजा, त्यातली थोडी मोडून आलेला. हातात गेरूत भिजवलेली सुतळी. एक टोक वीट ठेवून दाबलं, दुसरं बोटाला गुंडाळलं, मधे एक टिचकी. तांबडी सरळ रेघ उठली. रेघेखाली गेरू, वर चुना.

आक्का दारात येऊन बघत राहिली. "ह्यासाठी गेलतास काय रे मिलिटरीत?"

"मामाला विचार," तो म्हणाला. मान वर केली नाही. रेघ ओली होती ना.

मामाला काय विचारायचं! मामाच्या नोकरीतला किती भाग रायफलीने खाल्ला आणि किती कुंच्याने, हा हिशेब मामाने घरात कधी उघडा केलेला नाही.

बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये आम्हाला बरंच काही शिकवलं. जंगी पलटण, म्हणजे रेजिमेंटची पहिली बटालियन, 1768 सालची. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, इटलीतली लढाई, 1944 आणि 1945, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. उस्ताद रात्री अकराला उठवून विचारायचे आणि चुकलं की रगडा. हत्यार डोळे बांधून खोलायचं, जोडायचं. मग कसम परेड. आई-बाबा नवी टोपी, नवं लुगडं घालून बघायला आलेले, कॅम्पातून परत जाताना मिलिटरी महादेवाला नारळ फोडून गेले. काळी ट्रंक, त्यावर पांढऱ्या अक्षरात नंबर आणि नाव, गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन, तिथून पुढे पठाणकोटला पलटणीत. छाती अशी काही फुगलेली की बेल्टचं भोक पुरेना.

पहिल्या सकाळी हवालदार साहेबांनी आम्हा नव्यांना फॉलिन केलं. वाटलं, आता कोतेकडे, म्हणजे हत्यारांच्या कोठीकडे नेतील, हत्यार देतील. नेलं स्टोअरकडे. प्रत्येकाला एक बादली, एक कुंचा. जनरल साब येणार होते. पुढे कळलं की जनरल साब नेहमी येणारच असतात. ते नसले तर ब्रिगेडियर साब येतात. कोणीच येत नसेल तर रेझिंग डे, पलटणीचा वाढदिवस, येतो.

सकाळी पीटी, परेड, फायरिंगचा नंबर लागला तर फायरिंग. मग वर्किंग. गवत कापा, नाली काढा, लंगरमध्ये बटाटे सोला, आणि रस्त्याकडेचे दगड रंगवा, एक पांढरा, एक तांबडा. संध्याकाळी व्हॉलीबॉल, रात्री गिनती. आईचा फोन यायचा, "काय करुलालास?" "ड्युटी," मी म्हणायचो. शेजारच्या काकूंना ती सांगायची, पोरगा बॉर्डरवर आहे. बॉर्डर दूर होती. मी त्या वेळी कंपनी ऑफिसपुढच्या कडुलिंबाला कमरेपर्यंत चुना लावत होतो.

पण चुना लावणं हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, हे माझं ठाम मत आहे. कळीचा चुना आदल्या रात्री भिजत घालायचा. तो रटरट उकळतो, हात घालणाऱ्याची कातडी सोलते. सकाळी कापडातून गाळायचा. मूठभर मीठ किंवा डिंकाचं पाणी, नाहीतर पलटणीचे मुख्य, सीओ साहेब, झाडाला टेकले की पाठीवर झाडच उमटणार. चिमूटभर नीळ. ओला चुना दिसतच नाही, म्हणून नवा शिपाई घाबरून दुसरा, तिसरा हात मारत सुटतो. वाळला की ढेकळं धरतात. जुना माणूस एक पातळ हात मारतो आणि बिडी ओढत सावलीत बसतो. उन्हात चुना आपोआप पांढरा होत जातो. गेरूचं तसं नाही. गेरू लावला तसा दिसतो, त्याच्यात लपवाछपवी नाही. म्हणून आधी चुना की आधी गेरू यावर दोन सुभेदार साहेबांमध्ये आठवडाभर अबोला झालेला मी पाहिला आहे.

ह्या नादाने डोळ्याला एक खोड लागली ती लागलीच. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण बेळगावात काँग्रेस रोडवरून जाताना दुभाजकाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मी वाचत जातो. इथे काळं पांढऱ्यात घुसलंय. इथे ठेकेदाराचा माणूस चहाला गेला होता. मागे बसलेली बायको म्हणते, "समोर बघा की वो." एकदा तर गाडी बाजूला घेऊन रंगवणाऱ्या पोराला दोरी कशी मारायची ते दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि मी वळल्यावर पुन्हा हातानेच ओढलं.

खरं तर दोरी मारायला मला सेंटरने नाही शिकवलं, थोरल्या भावाने शिकवलं. दिवाळीतला किल्ला. आमच्याकडे गल्लोगल्ली किल्ले व्हायचे, अजून होतात. मार्कंडेयच्या काठची चिकणमाती पोत्यातून आणायची, आईचं जुनं पोतं भिजवून डोंगर करायचा, हळीव पेरायचं. बुरुजाला गेरू, पायऱ्यांना चुना. आई घर सारवायला काढलेला चुना राखून ठेवायची आणि आम्ही तो वाटीवाटीने चोरायचो. पायरी नखाएवढी, आणि तिच्यावर पांढरी कड आलीच पाहिजे असा भावाचा हट्ट. सिंहासनावर महाराज, दारावर मातीचे मावळे, आणि त्यांच्यात बाजारातून आणलेला हिरव्या कपड्यातला एक बंदूकवाला शिपाई. तो कुठल्या काळातला, असं कोणी विचारलं नाही. त्याला मी नेहमी सगळ्यात वरच्या बुरुजावर ठेवायचो, कारण तिथून लांबचं दिसतं.

वरच्या बुरुजावर नंतर मीही राहून आलो. पलटण फील्डला, म्हणजे बॉर्डरवर, गेली तेव्हा पहिल्याच पोस्टवर लक्षात आलं, इथे चुना नाही. एकही दगड रंगवलेला नाही. पोती मातीच्या रंगाची, पत्रा चिखल फासलेला, मगसुद्धा उन्हात चमकू नये म्हणून आत ठेवायचा. पांढरं दिसेल ते समोरच्यालाही दिसतं. पठाणकोटला दगड रंगवताना मी मनात दिलेल्या शिव्या मला तिथे आठवल्या. ज्या रस्त्याच्या कडेला चुना आहे त्या रस्त्यावर आपल्यावर कोणी नेम धरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे पीसला, म्हणजे बॉर्डरपासून लांबच्या छावणीत, परत आल्यावर गेटाशी रंगवलेले दगड दिसले तसे ट्रकमधले सगळे एकदम मोठ्याने बोलायला लागले होते.

पोस्टवर रंग लागायचा एकाच जागी, हेलिपॅडला. पोस्टच्या मागे, डोंगराच्या आडोशाला थोडी सपाटी होती, तिथे 'एच' काढायचा. उन्हाळ्यात चुन्याने. बर्फात चुना काय कामाचा, तेव्हा गेरूने. एका हिवाळ्यात आमच्यातल्या एकाच्या फुफ्फुसात पाणी झालं. चंदगडकडचा होता, माझ्याच भाषेत शिव्या द्यायचा. उंचीवर होणाऱ्या ह्या दुखण्यावर खरा इलाज एकच, माणसाला लवकर खाली उतरवणं. आम्ही बर्फ दाबून गेरू ओतला. ढग हलले नाहीत. पुन्हा बर्फ पडला, पुन्हा ओतला. चीता हेलिकॉप्टर उतरलं ते दुसऱ्या दिवशी, तोवर घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्याला घेऊन ते गेलं.

सुभेदार साब म्हणाले, एच नीट ठेवा, परवा रेशनची खेप आहे. रात्री परत बर्फ झाला. सकाळी गेरूचा डबा घेऊन आम्ही वर गेलो. दोरी कोणी मागितली नाही.