चीटिंगमुळे गेम जिवंत राहतो म्हणे

"थोडंफार चीटिंग पाहिजेच, त्यामुळे गेमची चर्चा होते, कंपनीपण सिस्टीम सुधारत राहते" असं बोलणारे भेटले की माझं डोकंच फिरतं. व्हाइस सिटी या गेममध्ये 'पॅन्झर' हा चीट कोड टाइप करून रणगाडा काढायचा हा मामला वेगळा, सायबर कॅफेत बसून कित्येकांनी केलंय ते, समोर नुसता कॉम्प्युटर होता, कुणाचं काही बिघडत नव्हतं. ऑनलाइन गेममध्ये समोर माणूस असतो राव, दिवसभर क्लास नाहीतर ऑफिस उरकून रात्री तासभर खेळायला बसलेला.

काउंटर-स्ट्राइक या ऑनलाइन शूटिंग गेममधला वॉलहॅकच घ्या, म्हणजे भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारा हॅक. कोपऱ्यावरून कुणी बाहेर आला तर तो लगेच दिसायला हवा, म्हणून सर्व्हर त्याची जागा तुमच्या कॉम्प्युटरला आधीच कळवून ठेवतो, फक्त भिंतीमागे असेपर्यंत गेम तो दाखवत नाही. हॅक तीच माहिती मेमरीतून उचलतो. म्हणजे तुम्ही पावलांचा आवाज नको म्हणून शिफ्ट दाबून हळूहळू चालताय, बॉम्ब लावायच्या ए जागेवर धूर सोडून गुपचूप दुसऱ्या, बी जागेकडे वळताय आणि तो आरामात सगळं बघत बसलाय. नंतर डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, लावून बघा, त्याचा क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) भिंतीवरून तुमच्या डोक्यामागे फिरत असतो. अंदाज बांधणं, गंडवणं, ज्यासाठी आपण हा गेम खेळतो तेच सगळं बाद.

आता सिस्टीम सुधारते म्हणता, तर काउंटर-स्ट्राइकवाल्या वाल्व कंपनीचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, व्हॅक, 2002 पासून आहे आणि हॅक विकणारे अजून महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर विकतायत. व्हॅलोरंट या दुसऱ्या शूटिंग गेमने 2020 मध्ये असंच व्हॅनगार्ड आणलं, ते विंडोज चालू होतानाच थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, जाऊन बसतं, म्हणजे चोरी करणार कोण आणि झडती कुणाची, तर साध्या सरळ खेळणाऱ्यांचीपण. व्हॅलोरंटवाल्यांनी शत्रू दिसायच्या बेतात येईपर्यंत त्याची जागाच पाठवायची नाही अशी सोय सर्व्हरवर केली, ते काम मला मनापासून आवडतं, पण एवढी मेहनत नवीन मॅपवर झाली असती तर कुणाला नको होती?

आणि सगळ्यात मोठं नुकसान विश्वासाचं होतं. ऑक्टोबर 2018, शांघाय, काउंटर-स्ट्राइकची एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धा. ऑप्टिक इंडिया या टीमचा एक प्लेयर मॅच चालू असताना एमबॉटसकट (आपोआप नेम धरणारा हॅक) पकडला गेला, फाइलचं नाव 'वर्ड डॉट ईएक्सई', अधिकारी पीसी बघायला आले तर हा ती डिलीट करायला लागला. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली ते योग्यच झालं, पण टीम तिथेच बाद झाली आणि ऑप्टिकने भारतातला कारभारच गुंडाळला. बाकीच्या चार पोरांनी काय घोडं मारलं होतं? भारतात त्या दर्जाची टीम उभी राहणं किती अवघड होतं हे तेव्हा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या कुणालाही विचारा. वर नंतर कितीतरी दिवस आपल्याकडचा कुणी चांगला खेळला की चॅटमध्ये लगेच 'वर्ड डॉट ईएक्सई' यायचं.

आपल्या बीजीएमआय या मोबाइल शूटिंग गेमच्या लॉबीतपण तेच चालतं, एखाद्या पोराने लांबून दोन हेडशॉट मारले की "हॅकर आहे रे, रिपोर्ट मारा". असेल हॅकर तर जरूर मारा, मीपण मारतो, पण आधी डेथ रिप्ले (आपण कसे मेलो ते दाखवणारी क्लिप) तरी नीट बघा, त्याने प्रॅक्टिस केलेली असू शकते.