ठरलेल्या कुस्तीतला खरा पैलवान

‘तुम्ही कोल्हापूरचे, तालमीशेजारी वाढलेले. मग ती अमेरिकेतली ठरवून केलेली कुस्ती तुम्हाला आवडते तरी कशी?’ लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर फिरताना, कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

आजची झगमगाटातली कुस्ती मी पाच मिनिटंही बघत नाही. मला नाद आहे तो तिच्या जुन्या वतनदारीचा. १९४८ साली आयोवातल्या वॉटर्लू गावी काही प्रमोटर, म्हणजे कुस्त्या भरवणारे, जमले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स काढली. ज्याचा त्याचा मुलूख ठरलेला, दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. मुलखामुलखाचे आपापले हिरो. सगळ्यांचा मिळून जागतिक चॅम्पियन मात्र एकच, आणि तो वर्षभर गावोगाव फिरणार. प्रत्येक ठिकाणी तिथल्या हिरोशी अशी कुस्ती करायची, की लोकांना वाटावं ‘आमचा गडी आज थोडक्यात हुकला’. आणि चॅम्पियनकीचा पट्टा घेऊन पुढच्या गावाला. आपल्याकडे जत्रांच्या हंगामात नावाजलेला मल्ल आज या मैदानात, परवा त्या मैदानात, तसंच. फक्त त्यांचा निकाल आधी ठरलेला.

नूरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली, कुस्ती आम्हाला नवी नाही. लहानपणी एका जत्रेत शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती लागली. अर्धा तास दोघं नुसती खडाखडी करत राहिले. माझ्या शेजारी बसलेले आमच्या गल्लीतले वस्ताद उठलेच. ‘चल रं. बरोबरीत सोडवायचं ठरवूनच आल्यात ह्ये.’ परतताना एसटीत ते अवाक्षर बोलले नाहीत. शाहू महाराजांनी युरोपातले आखाडे बघून आल्यावर खासबाग मैदान बांधवलं, १९१२ मध्ये ते खुलं झालं. खोलगट, मध्ये एक खांब नाही, कुठंही बसा, माती दिसते. तिथं बघायला शिकलेल्या माणसाला फसवणं अवघड.

म्हणूनच मला लू थेझ भावला. १९४९ पासून अलायन्सचा चॅम्पियन. प्रमोटरांना एकच धास्ती असायची : समोरच्यानं ऐनवेळी ठरलेलं मोडून खरोखरच पाडलं तर? पट्टा गेला आणि धंदाही गेला. त्यामुळे निकाल ठरलेला असला तरी पट्टा ज्याच्याकडे, तो गडी कसलेला लागायचा. थेझला खऱ्या पकडी येत होत्या, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे चॅम्पियन बडी रॉजर्स अमेरिकेच्या ईशान्येकडच्या प्रमोटरांच्या मुठीत गेला, बाकीच्या मुलखांच्या वाट्याला येईना, तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या थेझलाच पुन्हा बोलावलं. २४ जानेवारी १९६३ रोजी टोरांटोत त्यानं पट्टा परत आणला. ईशान्यवाल्यांनी तो निकाल मानलाच नाही, आपली वेगळी संस्था काढली. मे महिन्यात त्यांच्या ब्रूनो सामार्टिनोनं रॉजर्सला ४८ सेकंदांत पाडलं. पुढे १९८२ मध्ये व्हिन्स मॅकमहननं आपल्या वडिलांकडून ही ईशान्येकडची संस्था विकत घेतली आणि केबल टीव्हीच्या जोरावर हद्दी पुसून टाकल्या. वतनं बुडाली.

हे सगळं मी एकदा वस्तादांना सांगितलं होतं. तेव्हा ते थकले होते, पण सकाळी तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे. १९५९ ला श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, त्या दिवसांबद्दल तासभर बोलतील असा माणूस. माझं थेझपुराण त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

‘मुंबईत दारासिंगानं पाडला, त्यो ह्योच न्हवं?’

‘हाच. १९६८ मध्ये.’

‘तवा वय काय हुतं त्याचं?’

‘बावन्न.’

वस्तादांनी डोळे उघडले. आखाड्यात जोर मारणाऱ्या पोरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘बावन्नाव्या वर्षी लंगोट? खुराक काय हुता रं त्याचा?’