शेवटी उरलेलं पान

शनिवार, रात्री उशिरा

जेवणं लवकर आटोपली आणि भाचीने पत्त्यांचा कॅट काढला. मेंढीकोटला चौथा गडी नव्हता, बदाम सातचा तिला कंटाळा आलेला. म्हटलं, जादू दाखवतो. आई लगेच म्हणाली, "काही नाही, हातचलाखी असणार." मला हेच ऐकायचं होतं. कॅट तिच्याच हातात दिला.

तिला कुठलीही 16 पानं घ्यायला सांगितली. तिने ती पिसली, भाचीने परत पिसली. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. आईने गठ्ठ्यातलं सगळ्यात खालचं पान बघून घेतलं, भाचीलाही दाखवलं. मग वरचं पान टेबलावर टाकायचं, त्याच्या पुढचं हातातल्या गठ्ठ्याखाली सरकवायचं, पुन्हा एक बाहेर, एक खाली. अंगठा जिभेला लावल्याशिवाय आईच्या हातून पान सुटत नाही, त्यामुळे वेळ भरपूर लागला आणि ते बरंच झालं. दोन पानं उरली तेव्हा ती थांबली, मला विचारलं, "आता कुठलं टाकू?" म्हटलं, जे चाललंय तेच. एक पडलं, एक राहिलं. किलवरची सत्ती. तिने बघितलेली तीच.

मी पूर्ण वेळ एकाही पानाला हात लावला नव्हता. आईने तरी माझ्या शर्टाच्या बाह्या तपासल्या.

यात जादूगाराने करायचं असं काही नसतंच. 16 पानांची एक फेरी झाली की विषम जागांवरची आठ पानं बाहेर जातात आणि उरलेली आठ त्याच क्रमाने हातात राहतात. पुढच्या फेरीत आठाची चार, मग दोन, मग एक. प्रत्येक फेरीत शेवटच्या पानाची पाळी खाली जायचीच असते, म्हणून ते शेवटपर्यंत सुटत नाही. 2, 4, 8, 16, 32 यांपैकी कितीही पानं घ्या, तळाचंच उरणार.

भाची सहावीत आहे, तिला एवढ्यावर गप्प बसवत नाही. "मामा, 20 घेतली तर?" मी उत्तर दिलं नाही, पानं पुढे सरकवली. तिने 20 पानं एक्क्यापासून ओळीने लावायचा प्रयत्न केला, ते जमेना, म्हणून कागदाच्या चिठोऱ्यांवर आकडे घातले. उरला आठ. मग 18 घेतले, उरला चार. 19 घेतले, उरला सहा. तिने स्वतःच ताडलं की 16 च्या वर जितकी पानं जास्त, त्याच्या दुपटीवर बोट ठेवायचं. का, ते मात्र मला सांगावं लागलं. 20 मधली चार पानं बाहेर पडेपर्यंत चार खाली गेलेली असतात, खाली गेलेलं शेवटचं पान आठवं, आणि त्या घडीला हातात बरोबर 16 उरलेली असतात. म्हणजे आठवं पान आता 16 च्या गठ्ठ्याच्या तळाशी आहे. पुढचं ठाऊकच आहे. पूर्ण कॅट घेतला तर 52 वजा 32 म्हणजे 20, दुप्पट 40. चाळिसाव्या जागेवरचं पान उरणार, एवढं डोक्यात धरून जादूगार निवांत चहा पिऊ शकतो. आईला मात्र 52 पानं एक आत एक बाहेर करायला सांगण्याची माझी हिंमत नाही.

असल्या उलगड्याने मजा जाते असं पुष्कळ लोक म्हणतात. भाचीचं तसं झालं नाही. उलट तिला आता ही जादू शेजारच्या काकूंवर करायची आहे.

खरं म्हणजे हा हिशोब आपण सगळे लहानपणी करत होतो. अडम तडम म्हणत गोलात बोट फिरवायचं, ज्याच्यावर शेवट येईल तो सुटला, उरलेल्यांत पुन्हा, शेवटी राहील त्याच्यावर राज्य. आमच्या चाळीत एक मुलगी होती, तिच्यावर म्हणून कधी राज्य आलं नाही. म्हणायचा मान तिचाच आणि सुरुवात कोणापासून करायची हेही तीच ठरवायची. आम्हाला वाटायचं नशीबवान आहे. आज वाटतं, तिने ठोके मोजून ठेवले होते.

गणितवाले या प्रकाराला जोसेफसचं नाव देतात. इसवी सन 67 मध्ये रोमन सैन्याने जोतापाता गाव घेतलं तेव्हा हा ज्यू सेनानी 40 जणांबरोबर लपून बसला होता. शरण जाण्यापेक्षा एकमेकांच्या हातून मरायचं ठरलं, आणि शेवटी हा आणि आणखी एक असे दोघेच उरले. त्याने स्वतः चिठ्ठ्या टाकल्याचं लिहून ठेवलंय, आपण उरलो ते नशिबाने म्हणा वा देवाच्या योजनेने, असंही. गोलात उभं राहून दर तिसऱ्याला मारायची गोष्ट मागाहून जोडली गेली. त्या गोष्टीत 41 जणांमध्ये 16 वी आणि 31 वी जागा सुरक्षित ठरते. दर दुसऱ्याऐवजी दर तिसरा घेतला की दुपटीची युक्ती चालत नाही, चिठोरे घेऊन बसावं लागतं. भाची बसली होती, 41 चिठोरे सोफ्याखाली गेले, उद्या केर काढताना मिळतील.

सगळ्यांना येते ती 21 पानांची जादू मला मनापासून आवडत नाही. तीन ओळी, सात-सात पानं, "तुझं पान कुठल्या ओळीत?" असं तीनदा विचारायचं, दर वेळी ती ओळ मध्ये ठेवून पानं गोळा करायची, शेवटी अकरावं पान काढायचं. गणित चोख आहे. पहिल्या उत्तराने 21 ची सात होतात, दुसऱ्याने फार तर तीन, आणि ती नेमकी दहाव्या, अकराव्या, बाराव्या जागी असल्याने पुढच्या मांडणीत तिन्ही ओळींच्या मधोमध येतात, म्हणून तिसरं उत्तर मिळताच पान सापडलेलं असतं. पण बघणाऱ्याला कळतंच की हा विचारून विचारून शोधतोय. सरकारी चौकशीसारखं वाटतं ते.

हाच प्रकार 27 पानांनी केला तर मात्र जिवंत होतो. झेर्गोन नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1813-14 च्या सुमारास त्याचा पूर्ण हिशोब मांडला. यात समोरच्यालाच विचारायचं, तुझं पान कितव्या जागी आणू? आईने 20 सांगितलं. 20 मधून एक वजा, 19. त्यात नऊ दोनदा, तीन शून्य वेळा, सुटा एक. हे आकडे उलट्या क्रमाने वापरायचे, एक, शून्य, दोन: पहिल्यांदा तिची ओळ मध्ये, दुसऱ्यांदा सगळ्यात वर, तिसऱ्यांदा सगळ्यात खाली. पानं पालथी करून मोजत गेलो, विसावं पान चौकटची राणी. आईने या वेळी बाह्या तपासल्या नाहीत. तिने विचारलं, "मी सात म्हटलं असतं तर?" यातच सगळं आलं. आकडा आपण निवडला असं तिला पक्कं वाटत होतं आणि ते खरंही होतं. 16 पानांच्या जादूत पिसायची मुभा पूर्ण होती, पण तिचा उपयोग शून्य होता. इथे तिच्या आकड्यावर माझे हात चालले होते. मला हा दुसरा प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो, फसवणुकीत असा भेद करणं विनोदी असलं तरी.

झोपायच्या आधी भाचीला आणखी एक दिली. 10 ते 19 मधला आकडा मनात धर, तेवढी पानं एकावर एक टेबलावर टाक, आकड्यातल्या दोन अंकांची बेरीज कर, तेवढी त्याच गठ्ठ्यावरून उचल, शेवटी उचललेलं बघ. नेहमी कॅटमधलं मूळचं दहावं पान येतं, कारण यातल्या कुठल्याही आकड्यातून त्याच्या अंकांची बेरीज वजा केली की नऊच उरतात. तिने 13 धरून केलं, 17 धरून केलं. मग तिला देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा 6174 सांगितला, कारण तोही असाच कुठूनही निघा, तिथेच पोचवणारा. चार अंक घ्या, सगळे सारखे सोडून. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, तिच्यातून लहानात लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्या, की 6174.

तिने आमच्या गाडीचा नंबर घेतला. चौथ्या वजाबाकीत हातचा विसरली म्हणून अडली, आता आई तिला हातचे शिकवते आहे आणि दोघींनाही झोप आलेली नाही.