अठरा जणांचं सामान आणि सहा कॅनो

मागच्या डिसेंबरात आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या युवा गटाची मुलं भंडारदऱ्याला कॅनो चालवायला गेली, दोन रात्री तीन दिवस, आणि सामान बांधायची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलं चौदा, तेरा ते सतरा वयाची, आणि मोठी माणसं आम्ही चार. माझी लेक पण त्यात. ट्रेकचं सामान मी वर्षानुवर्षं बांधतेय, कळसूबाई, राजमाची, हरिश्चंद्रगड सगळं झालंय, त्यामुळे मला वाटलं तेच सामान घ्यायचं आणि वर थोडं जास्त. पण ट्रेकला सॅक पाठीवर असते, भिजली तर वरून पावसाने भिजते. कॅनोत सामान तळाशी असतं आणि तळाला थोडं तरी पाणी साचलेलंच असतं, वल्ह्यावरून ओघळलेलं, मुलांच्या पायाबरोबर आत आलेलं, आणि उलटली तर सगळंच तलावात. आमच्या ग्रुपचा दादा पहिल्याच मीटिंगला म्हणाला, काकू, प्रत्येक वस्तू बुडणार आहे असं धरून बांधा. तेव्हा मी मान डोलावली, खरं कळलं ते तीन आठवड्यांनी.

बरेच जण कॅनो आणि कयाक एकच समजतात म्हणून सांगते. कयाकचं वल्हं दोन्ही टोकांना पात्याचं असतं आणि तिच्यात सामानाला जागा फार कमी. कॅनो वरून उघडी, होडीसारखी, वल्ह्याला एकाच बाजूला पातं. तीन माणसं आणि त्यांचं तीन दिवसांचं सामान आरामात मावतं, म्हणून मुक्कामाच्या ट्रिपला कॅनोच बरी. आम्ही सहा घेतल्या, प्रत्येकीत तिघं. शेंडी गावापासून निघायचं, काठाकाठाने रतनवाडीच्या दिशेला जायचं, मध्ये मुक्काम. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं, त्याच्या मागचा हा तलाव, आर्थर लेक. पावसाळ्यानंतर चांगला भरलेला असतो आणि समोर रतनगड दिसत राहतो. परवानग्या, गावातले वाटाडे, बस हे सगळं दादाने बघितलं, त्यात मी नव्हते.

तर पहिली पॅकिंग आमच्याच हॉलमध्ये झाली, निघायच्या तीन आठवडे आधी, रविवारी. मुलांना सांगितलं होतं की आपापली बॅग भरून आणा. बॅगा उघडल्या आणि लगेच लक्षात आलं की त्या आयांनी भरल्यात. इस्त्रीचे कपडे, दोन-दोन जीन्स, तीन टॉवेल, साबणाची डबी, आणि मुलाला विचारलं टॉर्च कुठे आहे तर त्याला माहीतच नाही. मग आम्ही सगळ्या बॅगा घेऊन गच्चीवर गेलो. तिथे पाण्याचा मोठा ड्रम भरून ठेवला होता. प्रत्येक बॅगेत कपड्यांच्या मध्ये पेपरची एक घडी ठेवायची, बॅग नेहमीसारखी बंद करायची आणि शंभर अंक मोजेपर्यंत पाण्याखाली दाबून धरायची. वर काढली की पेपर बघायचा. चौदा बॅगांपैकी अकरांचे पेपर भिजलेले निघाले. वॉटरप्रूफ लिहिलेल्या सॅक होत्या, रेनकव्हरवाल्या होत्या, रेनकव्हर वरच्या पावसासाठी असतं, पाण्यात दाबलं की पाठीकडच्या बाजूने पाणी सरळ आत. एका मुलीच्या बॅगेतला पेपर तर हातात घेताच लगदा झाला, आणि ती गप्प उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मला वाईट वाटलं पण त्या दिवसानंतर तिला बॅग कशी बांधायची हे परत सांगावं लागलं नाही.

ज्या तीन कोरड्या राहिल्या त्यातल्या दोन ड्रायबॅग होत्या, तोंड गुंडाळून बंद करायच्या. ह्यात खरी गोष्ट गुंडाळण्यात आहे. तोंडाच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सपाट बसवायच्या, गुडघ्याने दाबून हवा काढायची, मग कमीत कमी तीन वेळा घट्ट गुंडाळायचं आणि मगच बकल लावायचं. एका मुलाने दोनच वेळा गुंडाळली होती, पाण्यात धरल्याबरोबर एका कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची रांग वर यायला लागली, सगळी मुलं ड्रमवर वाकून बघत होती. त्याच मुलाने तिथेच परत तीन वळसे घातले, परत दाबली, बुडबुडे बंद.

आता चौदा जणांना ड्रायबॅग विकत घ्या असं मी सांगणार नव्हते, सगळ्यांना परवडत नाही आणि वर्षातून एकदाच लागते. मग जांभळी नाक्याला गेले, तिथून जाड प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या आणल्या, नायलॉनची दोरी आणली, आणि सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूब घेऊन त्याच्या दोन बोटं रुंदीच्या रिंगा कापल्या. कपडे एका पिशवीत, हवा काढून तोंडाला पीळ द्यायचा, पीळ दुमडायचा, त्यावर ट्यूबची रिंग दोनदा. मग ही पिशवी दुसऱ्या पिशवीत उलट्या तोंडाने, परत तसंच, आणि मग साध्या सॅकमध्ये. परत ड्रममध्ये बुडवून बघितलं, पेपर कोरडा. जेवणाच्या सामानासाठी दोन निळे ड्रम घेतले, तीस लिटरचे, झाकणाला लोखंडी रिंग आणि रबर असतं ते. जुने मिळतात पण आधी त्यात काय होतं ते विचारूनच घ्या, केमिकलचे अजिबात नको. आमच्यात पूर्वी लोणचं होतं, सोडा घालून तीन वेळा धुतले, चार दिवस उन्हात उघडे ठेवले तरी वास राहिलाच, त्याचं काही वाटलं नाही.

कपड्यांवरून आयांशी बरंच बोलणं झालं. डिसेंबरात तिकडे रात्री कडाक्याची थंडी, त्यांचं म्हणणं जीन्स पाहिजेच, आणि थंडीची काळजी मलाही होतीच. पण कॉटन पाणी धरून ठेवतं आणि अंगावर असताना अंगातली ऊब ओढून घेतं, हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. लेकीची जीन्स आणि तिचीच ट्रॅकपँट बादलीत बुडवून, पिळून, सामानाच्या काट्याला लावली. सातशे ग्रॅमची जीन्स दीड किलोच्या पुढे गेली. दोन्ही दोरीवर टाकल्या, ट्रॅकपँट दुपारपर्यंत वाळली, जीन्सची कंबर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पण ओलसर. फोटो काढून ग्रुपवर टाकला, त्यानंतर जीन्सचा विषय संपला. शेवटी ठरलं ते असं की पाण्यावर घालायचा एक जोड, तो भिजला तरी रोज तोच, आणि रात्रीचा एक कोरडा जोड, लोकरी टोपी आणि मोज्यांसकट, जो दिवसा काही झालं तरी उघडायचा नाही. पायात पट्ट्याच्या सँडल, स्लीपर नाही, स्लीपर चिखलात राहते. चष्मेवाल्या चार मुलांना चष्म्याला मागून दोरी.

लाइफ जॅकेटबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला त्याचीच सगळ्यात भीती होती. जॅकेट कॅनोवाल्यांकडून मिळणार होते. मी आधी सगळ्या मुलांची वजनं आणि छातीची मापं घेऊन पाठवली होती, हो हो म्हणाले, आणि तिथे पोचल्यावर बहुतेक सगळे मोठ्याच साइजचे निघाले, दोघांची बकलं तुटलेली. आतल्या लेबलवर न्यूटनमध्ये आकडा असतो तो बघायचा, 50 वालं पोहता येणाऱ्यांसाठी असतं, आणि पोहता येत नसेल तर 100 किंवा त्याच्या वरचं पाहिजे. नशीब की आम्ही ओळखीतून तीन लहान साइजची जॅकेट घेऊन गेलो होतो. ठाण्यातच तरणतलावावर दोन वेळा सराव केला होता आणि तेव्हाच बघितलं होतं की ढिलं जॅकेट घालून पाण्यात उडी मारली की जॅकेट कानापर्यंत वर येतं आणि मूल खालीच राहतं, हनुवटी पाण्यात. म्हणून जॅकेट घालून सगळे पट्टे आवळायचे, मग दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढायचं, नाकापर्यंत आलं तर ते त्या मुलाचं जॅकेट नाही. तुटक्या बकलाची दोन मी सरळ बाजूला काढली. वाद झाला थोडा, एक तास उशिरा निघालो, पण कोणालाही तसं पाण्यात सोडलं नाही.

खाण्याचं गणित सोपं होतं. खिचडीला डाळ-तांदूळ मिळून माणशी सव्वाशे ग्रॅम धरले, म्हणजे अठरा जणांना एका वेळेला सव्वादोन किलो, ह्या वयाची मुलं पाण्यावरून आली की खूप खातात. प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी, आतच हळद मीठ मोजून घातलेलं, वर मार्करने वार आणि वेळ. दुपारसाठी ठेपले, चिक्की, गुळशेंगदाणे. पाण्याचं मात्र जमेना. माणशी तीन लिटर म्हटलं तर दिवसाला चोपन्न लिटर, म्हणजे चोपन्न किलो, तीन दिवसांचं नेणं शक्यच नाही. मग प्रत्येकाला दोन बाटल्या, आणि मुक्कामाला मोठ्या पातेल्यात पाणी उकळून गार करून सकाळी भरायचं. त्यासाठी गॅस जास्त लागतो हे धरूनच पाच किलोचा सिलिंडर घेतला. ट्रेनने जाणार असाल तर सिलिंडर नेता येत नाही, आमची बस होती म्हणून जमलं.

बाकी कॅनोगणिक तेलाच्या कॅनचा तळ कापून केलेलं पाणी उपसायचं भांडं, एक स्पंज, शिट्टी, आणि दोन कॅनोंमागे एक जास्तीचं वल्हं. वल्हं उभं धरलं की साधारण हनुवटीपर्यंत यावं, म्हणून लहान मुलांची वेगळी निवडली.

भरताना जड ते तळाशी आणि मधोमध हे मुलांनी लवकर शिकलं. पहिल्या दिवशी एका कॅनोत पुढच्या टोकाला दोन बॅगा एकावर एक ठेवल्या होत्या, दुपारी वारा सुटला आणि ती कॅनो सारखी फिरायला लागली, मुलं वल्हवून दमली तरी सरळ जाईना. काठाला घेऊन बॅगा मध्ये सरकवल्या, पुढचं टोक जरा हलकं केलं, तेव्हा ठीक चालली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे लवकर निघून वाऱ्याच्या आधी पोचायचं ठरवलं.

आता जे माझ्याकडून चुकलं ते. औषधांची पेटी मी फार मन लावून केली होती, क्रेप बँडेज, ओआरएस, तापाच्या गोळ्या, जखमेचं मलम, सगळं कप्प्याकप्प्यात, आणि एका मुलाला दमा आहे म्हणून त्याचा इनहेलर पण मीच त्याच पेटीत ठेवला, हरवू नये म्हणून. पेटी माझ्या कॅनोत, माझी कॅनो सगळ्यात मागे. दुसऱ्या दिवशी सकाळी गार वारा, धुकं, आणि त्याची कॅनो सगळ्यात पुढे. अचानक पुढून शिट्टी ऐकू आली, तीनदा, थांबून परत तीनदा. आम्ही वल्हं मारत पोचेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली असतील, मला ती अजून आठवतात. तो पुढे वाकून बसला होता, खांदे वरखाली होत होते, त्याच्या मागच्या मुलीने त्याचं जॅकेट वरून सैल करून पाठीवर हात ठेवला होता आणि दुसरा मुलगा कॅनो काठाला लावत होता. मी पेटी उघडली, माझी बोटं गारठलेली, ट्यूबची रिंग निघेना, लेकीने दाताने ओढून काढली. दोन पफ, थोडं थांबून परत दोन. पंधरा-वीस मिनिटांनी तो नीट बोलायला लागला आणि पहिलं काय बोलला तर, सॉरी काकू. मी त्याला जवळ घेतलं, मला बोलवेना.

त्याच काठावर आम्ही सगळ्यांनी बसून सामान परत लावलं. इनहेलर झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, ती एका छोट्या पाऊचमध्ये, आणि पाऊच त्याच्याच जॅकेटच्या पट्ट्याला बांधलेला. जवळच्या कॅनोत कोणाकडे काय आहे ते मुलांनी एकमेकांना मोठ्याने सांगितलं. आणखी एका मुलीची मधमाशीच्या ॲलर्जीची गोळी पण पेटीत होती, ती पण तिच्या अंगावर. पेटीत फक्त सगळ्यांचं राहिलं.

परत आल्यावर दोन दिवस गच्चीवर सगळं वाळत घातलं होतं, दोऱ्या, सॅक, उलटी केलेली पातेली, निळे ड्रम झाकण काढून. त्या मुलाची आई वर आली, काठावर घाईत प्लॅस्टिक आणि दोरीचा केलेला तो पाऊच हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली, काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने सहा पाऊच शिवून आणून दिले, जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचे, प्रत्येकाला पट्ट्यात अडकवायला दुहेरी शिवणीचा लूप, आणि एकावर लाल दोऱ्याने लेकाचं नाव.