मधल्या वयाची माती

कढीपत्त्याची खालची पानं पिवळी पडली की सोसायटीत ज्याच्या त्याच्याकडे एक सल्ला तयार असतो. आंबट ताक घाला, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घाला. झाडानं मात्र आपल्यापुरता मार्ग आधीच काढलेला असतो. नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी पडलं की ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवायचं. पानाचा हिरवेपणा आणि उन्हावर अन्न शिजवणारी प्रथिनं, दोन्हींना नत्रच लागतं.

कुंडीचं हे ठीक, पण वर्षावनाचं काय? तिथं हाताच्या अंतरावर निराळ्या जातीचं झाड. पान फिकं आहे ते मातीमुळे की मुळात त्याचा पिंडच तसा, कसं कळणार? हवाई बेटांवर ही अडचण येत नाही. तिथल्या पावसाळी डोंगरांवर ओहिया या एकाच झाडाचं राज्य. आपल्या जांभळाच्या कुळातलं, लाल झुपकेदार फुलांचं. पर्यावरणशास्त्रज्ञ पीटर व्हिटोसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली अशी रानं निवडली, की उंची सारखी, पाऊसही सारखा, वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर. फरक फक्त जमिनीच्या वयाचा. एका टोकाला ३०० वर्षांपूर्वीचा लाव्हा, दुसऱ्या टोकाला काउआई बेटावरची ४१ लाख वर्षांची माती.

आता कोवळी जमीन सकस असायला हवी की नाही? तर नाही. लाव्ह्याच्या खडकात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतं, नत्र जवळजवळ नसतंच. ते हवेतून, पावसातून, जिवाणूंच्या कृपेनं हळूहळू साठत जातं. तोवर ओहियाचं पान नत्राला गरीबच. वीसेक हजार वर्षांनी दोन्ही हाताशी येतात आणि पान भरतं. आणखी लाखो वर्षांनी पावसानं बरंचसं स्फुरद धुऊन नेलेलं असतं आणि उरलेलं लोह-ॲल्युमिनियमनं असं धरून ठेवलेलं असतं, की मुळांना सुटता सुटत नाही. मग पानातलं नत्रही पुन्हा उतरतं. खत घालून पाहिलं, तर कोवळ्या जमिनीवरची झाडं नत्रानं वाढली, म्हाताऱ्या जमिनीवरची स्फुरदानं. पन्नाशीकडे झुकलेल्यांना मधल्या वयाची ही बाजी आवडेल. मला तरी आवडली.

काउआईची ती लाल माती कोकणातल्या माणसाला परकी वाटू नये. आपला जांभाही बऱ्याच ठिकाणी असाच बेसाल्ट झिजून झालेला.

मग काउआईवरची झाडं अजून जगतात कशावर? तर धुळीवर. मध्य आशियातल्या वाळवंटांतली धूळ वाऱ्यावर हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून येते आणि त्यातल्या स्फुरदावर हे जुनं रान तगून आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यालाही सहाराची धूळ अशीच पोचते. तिच्यातून वर्षाला सुमारे २२ हजार टन स्फुरद येतं असा अंदाज आहे, आणि पाऊस नि पूर साधारण तेवढंच वाहून नेतात.