गजकर्ण बरं होऊन पुन्हा का उलटतं?

जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा उठतो. कड लालसर, उंच, खवलेदार; मधला भाग बराचसा साफ. हे गजकर्ण, म्हणजे त्वचेला झालेला बुरशीचा संसर्ग. मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली की दोन दिवसांत आराम पडतो, आणि तिथेच घात होतो.

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. त्याने लाली आणि खाज दबते, पण बुरशीशी झगडणारी त्वचेची ताकदही दबते. बुरशी पसरत राहते. कधी गोल कडच पुसट होते आणि निदान अवघड होऊन बसतं. मग कडेचे खवले खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधावे लागतात. जांघेतली त्वचा नाजूक. तिथे असं मलम महिनोन्‌महिने लावलं तर ताणाच्या रेघा पडतात, त्या कायमच्या. गजकर्णाला हे स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

ल्युलिकोनाझोलसारखं फक्त बुरशीनाशक मलम कोरड्या त्वचेवर लावा. चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत, बाहेरून आत. चट्टा दिसेनासा झाल्यावरही २ आठवडे चालू ठेवा. बहुतेकजण इथेच सोडतात.

चट्टे बरेच असतील तर पोटातून औषध लागतं, तेही डॉक्टरांकडूनच. टर्बिनाफिन पूर्वी हमखास लागू पडायचं. आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी त्याला अनेकदा दाद देत नाही. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. अ‍ॅसिडिटीच्या गोळीसोबत घेतली तर ती नीट शोषलीच जात नाही. यकृताचा किंवा हृदयाचा आजार, गरोदरपण, आधीपासून चालू असलेल्या गोळ्या, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा.

पाठीवर, छातीवर फिकट डाग असतील तर ते बहुधा शिबं. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. बुरशी मेली तरी रंग भरायला काही महिने जातात, म्हणून नुसता डाग राहिला म्हणून औषध वाढवू नका.

गजकर्ण मात्र लागतं. कमरेचा करदोडा घामाने ओला राहतो आणि त्याच्या खालीच चट्टा धुमसतो. बरं होईपर्यंत तो काढून ठेवा. टॉवेल वेगळा हवा. आतले कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर कपडा पूर्ण वाळल्यावर शिवणींवर गरम इस्त्री फिरवा. घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत, त्या सगळ्यांचे उपचार एकदमच सुरू करा.