मुकादमी सोडताना

अलिबागजवळच्या अष्टागरातल्या आमच्या गावच्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, मुकादमी मी १४ वर्षे सांभाळली आणि गेल्या सिम्हात तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथ तोराचे वर्षभराचे वाचन पूर्ण होण्याच्या, सणानंतर ती खाली ठेवली. आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, गावोगावच्या सिनेगॉगमध्ये रब्बी (धर्मगुरू) नसतात; प्रार्थना हझान चालवतो, पैसे गबाई पाहतो, झाडलोट व दिवाबत्ती शम्माश करतो आणि या सर्वांचा मेळ मुकादमाने घालायचा असतो. परंतु १९४८ नंतर घरामागून घर इस्राएलला गेले, काही मुंबई-ठाण्याला गेले, आणि उरलेल्या मोजक्या कुटुंबांत ही चारही कामे हळूहळू माझ्याच अंगावर आली. त्याचा मला त्या वेळी अभिमान वाटत असे.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी टायफॉइडने अंथरुणाला खिळलो, तेव्हा सलग दोन शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंतचे विश्रांतीचे दिवस, आमचे सिनेगॉग उघडलेच नाही. लोकांची इच्छा नव्हती असे नाही. किल्ली माझ्याकडे होती, कोणाला निरोप द्यायचा याची यादी माझ्या डोक्यात होती, आणि मी आजारी असताना मला त्रास नको म्हणून कोणी विचारले नाही. ज्या वास्तूत माझ्या आजोबांनी प्रार्थना केली ती माझ्याच आजारपणाने बंद राहावी, याचे मला फार वाईट वाटले.

त्याच वर्षी किप्पूरची, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवसाची, प्रार्थना आटोपल्यावर, उपवास सुटायच्या वेळी, मी सर्वांसमोर सांगितले की पुढच्या वर्षी मी मुकादम नसेन. सगळ्यांनी "तुम्हीच राहा" म्हटले, दोन वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि विषय तिथेच संपला. पद सोडायची इच्छा सांगणे आणि पद सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला मला त्यानंतरची दोन वर्षे लागली.

दुसऱ्या खेपेस मी तारीख ठरवली. ट्रस्टचे हिशोब ३१ मार्चला बंद होतात आणि लेखापरीक्षण सप्टेंबरअखेरपर्यंत पूर्ण व्हावे लागते. आमचे धार्मिक वर्ष साधारण त्याच सुमारास, नव्याच्या सणाने, सुरू होते. सिम्हात तोराला वाचन संपून बेरेशिथपासून, म्हणजे तोराच्या पहिल्या पुस्तकापासून, पुन्हा आरंभ होतो. माझ्या काळातला प्रत्येक पैसा तपासून झालेला असावा आणि नव्या मुकादमाने वाचनाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी, असा हा मुहूर्त मला योग्य वाटला. एप्रिलमध्येच लेखी राजीनामा समितीकडे दिला व त्यात लागू होण्याची तारीख लिहिली. मग रीतसर नोटीस काढून सभा बोलावली, ठराव झाला, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदलाचा अहवाल, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, ९० दिवसांच्या मुदतीत धर्मादाय कार्यालयात दाखल केला. बँकेतल्या सह्या बदलायला त्याहून अधिक फेऱ्या पडल्या.

खरे काम मात्र कागदावर नसलेल्या गोष्टींचे होते. नवा मुकादम म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा. तो मुंबईत नोकरी करतो आणि शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत गावी पोहोचतो. त्याच्यासाठी मी एक वही लिहायला घेतली आणि ती पाच महिने लिहीत होतो. सुक्कोथच्या (मांडवांच्या) सणानंतर हवा कोरडी झाली की सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, पेटीतून काढून सावलीत वारा द्यायचा, कारण कोकणातल्या दमटपणाने चर्मपत्राला बुरशी धरते. शाईचे एक अक्षर जरी उडाले तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनाला चालत नाही, आणि दुरुस्त करणारा सोफेर (लेखनिक) आपल्याकडे मिळत नाही. दफनभूमीतले पावसाळी गवत नव्याच्या सणाच्या आत काढून घ्यायचे. ते काम शेजारचे आगरी कुटुंब दोन पिढ्या करत आले आहे, त्यांना उक्ते पैसे द्यायचे पण आधी घरी जाऊन विचारायचे. कोणत्या घरात कोणत्या हिब्रू तिथीला कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायचा असतो, तेही लिहिले. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असते तेव्हा मुंबईची माणसे कमी येतात, म्हणून सामूहिक प्रार्थनेला लागणारा दहा पुरुषांचा मिन्यान जमवायला बुधवारपासून फोन सुरू करायचे, हेही लिहिले.

सण उलटल्यावर पहिल्या रविवारी आम्ही मलिदा, म्हणजे आमचा आभाराचा विधी, केला. भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नाबीचे (एलिया प्रेषिताचे) नाव घेतले, आणि त्यानंतर मी किल्ल्यांचा जुडगा पुतण्याच्या हातात दिला. पुढच्या शब्बाथला मी तेब्याजवळची, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्याजवळची, नेहमीची जागा सोडून दाराकडच्या बाकावर बसलो, कारण समोर बसलो असतो तर लोकांची नजर माझ्याकडेच वळली असती. तरी महिनाभर फोन मलाच येत राहिले. प्रत्येकाला मी पुतण्याचा नंबर दिला, आणि हे सर्वांत अवघड गेले, कारण उत्तर मला ठाऊक असे.

या जुलैत एका शुक्रवारी नऊच पुरुष जमले. कोणाला बोलवावे हे मला माहीत होते आणि सूर्यास्ताला अवकाशही होता, पण मी बोललो नाही. पुतण्याने दारात उभे राहून शेवटपर्यंत वाट पाहिली आणि मग मिन्यानाशिवाय म्हणता येते तेवढीच प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी माझ्या वडिलांची तिथी होती. कद्दीश झाला नाही. मी गप्प राहिलो ते बरोबर केले की नाही, यावर त्या रात्री बराच वेळ मला झोप लागली नाही.

शनिवारी शब्बाथ सुटल्यावर तो वही घेऊन घरी आला. "काका, काल तुम्ही कोणाला बोलावले असते?" त्याने विचारले. चौलला नुकतेच राहायला आलेल्या एका गृहस्थांचे नाव मी सांगितले, आणि माझ्या अक्षराखाली त्याने ते आपल्या अक्षरात लिहून घेतले.